नाव घेतलं की थांबते

हुरड्याचे दिवस आलेले डोळ्यांच्या आधी नाकाला कळतात. शेजारच्या रानात काल आगटी पेटली. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्या, गोवऱ्यांचे निखारे झाले की त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची. धुरात हिरवा, गोडसर वास मिसळतो आणि बांधाबांधावरून गावात येतो. लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझे हातपाय गार पडतात.

आज सकाळी चहा पिताना ह्यांना उचकी लागली. एकच. ह्यांनी कप खाली ठेवला. मी तव्यावरच्या भाकरीवर पाणी फिरवत होते, तो हात तसाच राहिला. एकमेकांकडं न बघता आम्ही दुसऱ्या उचकीची वाट बघत बसलो. भाकरी करपली. दुसरी उचकी आली नाही.

हे म्हणाले, "चहा गरम होता."

मी म्हणाले, "व्हय."

चहा गरम नव्हता. मीच दिला होता.

आमच्याकडं उचकी लागली की पाणी नंतर देतात, आधी विचारतात, कोण आठवण काढून राह्यलं? मग एकेकाचं नाव घ्यायचं. मामा का? न्हाई. जालन्याची मावशी का? न्हाई. ज्याच्या नावाला उचकी थांबली, त्यानं आठवण काढली असं समजायचं. लहानपणी मी नावं घेण्यात पटाईत होते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण सोयऱ्यांची नावं मला पाढ्यासारखी पाठ. या खेळात एकच नियम आहे. समोर बसलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. जो समोर आहे तो कशाला आठवण काढील?

मागच्या साली, असाच हुरडा चालू असताना, ह्यांच्या उचक्या सुरू झाल्या. जेवायला बसले की यायच्या आणि आल्या की थांबायचं नाव घ्यायच्या नाहीत. मी एकेक नाव घ्यायचे. कधी भाच्याच्या नावाला थांबायची, कधी व्याह्याच्या. आम्ही हसायचो. मग माझ्या ध्यानात आलं की हे भाकरी कुस्करून खाऊ लागलेत. आख्खी उमर ज्या माणसानं कडक भाकरी कांद्याबरोबर कडाकडा मोडून खाल्ली, तो आमटीत काला करतो आणि वर तांब्याभर पाणी पितो. विचारलं तर म्हणाले, दात हलतोय. मी म्हटलं, दाखवा. म्हणाले, आतला आहे.

दवाखान्यात चला म्हटलं की हसायचे. "उचकीला कोणी दवाखान्यात जातं का? डॉक्टर बी नावंच घेईल."

भीती मला नवीन नाही. गवतातला साप, अडलेली गाय, पोराला चढलेला ताप, सगळं बघितलं. पण ती भीती बाहेरून येते, तिच्यावर दार लावता येतं. ही भीती ताटात येऊन बसली. दिवसातून दोनदा मी स्वतःच्या हातानं ती वाढत होते.

ह्यांनी सगळी उमर काळी-पिवळी जीप चालवली. अंबड ते शहागड, शहागड ते अंबड. आत माणसं, टपावर माणसं, मागं लटकलेली माणसं. आता सवारी बंद. जीप दारातल्या लिंबाखाली उभी असते आणि हे रोज तिला फडकं मारतात. एक दिवस आंघोळ केली, टोपी घातली आणि म्हणाले, "चल, जीप काढतो. एवढी आठवण कोण काढून राह्यलं, बघूनच येऊ. अंबडला ख्वाजाभाई, शहागडला पारूबाई, आष्टीला आक्का. हुरड्याचे दिवस हैत. खात खात जाऊ."

"कोणी आठवण काढली म्हणून माणूस डिझेल जाळतं का?"

"आपण दोघं कधी फिरलो का?"

ते खरं होतं. सगळ्या मुलखाला ह्यांनी फिरवलं, मी पुढच्या सीटवर कधी बसले नव्हते. ती सीट सवारीची. मी मनात म्हटलं, अंबडला दवाखाना आहे. निघू तर दे. फडक्यात तिळाची चटणी आणि चार धपाटे बांधले. धपाट्यांना दही जास्त घातलं होतं, मऊ राहावेत म्हणून. ते ह्यांनी ओळखलं असणार.

रस्ता छान होता, हे आता आठवून सांगते. तेव्हा मला दिसत नव्हता. तुरी वाळून तपकिरी झालेल्या, मोसंबीच्या बागांना नुकतं पाणी दिलेलं, हरभऱ्यात बायका घाटे खुडत होत्या. हे बोटानं दाखवत होते. इथं एका बाईचं जीपीतच बाळंतपण झालं. इथं बारा बोकडं टपावर नेली. मी बाहेर बघत होते आणि कान त्यांच्या गळ्याकडं होते. अंबडात शिरल्यावर दवाखान्याची पाटी आली. नाक्यावर पोलीस दिसला की जीप जशी झरकन पुढं न्यायचे, तशीच त्या पाटीवरून नेली.

ख्वाजाभाई म्हणजे ह्यांचा मिस्त्री. जीप बिघडायची आणि हे दोघं तिच्याखाली आडवे होऊन गप्पा मारायचे. आता ख्वाजाभाईचे गुडघे गेलेत, गॅरेज पोरं बघतात. ह्यांना बघून तो खुर्चीतूनच ओरडला, "आवो भगवानराव! गाडी बिघडली का?"

"गाडी बराबर हाय. तू माझी आठवण काढून राह्यलास का? उचकी थांबत न्हाई."

"झूट कशाला बोलू? बिलकुल न्हाई काढली. याद मेलेल्या माणसाची काढतात. तू तर आठ दिवसाला फोन करून डोकं खातोस."

दोघं हसले. त्याच्या बायकोनं, हाजराबीनं, ताटं वाढली. खिचडी आणि खट्टा. खट्टा म्हणजे चिंचेचं आंबट पाणी, त्यात भाजून वाटलेले तीळ, वरून लसणाची फोडणी. असं आंबट मी कधी चाखलं नव्हतं. जिभेच्या कडा जाग्या होतात. मी दोनदा मागून घेतला. भीती वाटत असताना भूक लागते, हे कोणी सांगत नाही, पण लागते. हे खिचडीवर खट्टा ओतत होते, ओततच होते, शेवटी भात पोहायला लागला. मग ताट उचलून प्यायले.

"देखो, कितना पसंद आया," ख्वाजाभाई खूश झाला.

निघताना हाजराबीनं मला चुलीपाशी बोलावलं. शेवयांच्या खिरीचा डबा हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाली, "भाभी, तुम देखे क्या? वो चबा रहे, चबा रहे, निगल नहीं रहे."

तोपर्यंत मी मनाला म्हणत होते की मी म्हातारी बाई आहे, नसतं काहीतरी बघते. दुसऱ्या बाईनं तेच बघितलं म्हटल्यावर माझी ती लपायची जागाही गेली. मी डबा घेतला आणि जीपीत बसले. हे म्हणाले, "काय म्हणल्या?"

"खीर दिली."

शहागडला गोदावरीचा पूल दिसला तसे हे सरळ होऊन बसले. हे त्यांचं राज्य. ट्रकवाले, उसाच्या गाड्या, रस्त्याकडेला तळणाचा धूर. पारूबाईचं मच्छीचं हॉटेल म्हणजे चार बांबू आणि पत्रा. नदीची मासळी, मरळ आणि वाम, हळद-मीठ लावून पसरलेली. लांबूनच ती ओरडली, "ड्रायव्हर! आरं, आज बायकोला घेऊन आला की! एवढी वर्षं म्हणायचा, बायको लई खाष्ट हाय."

"हायच," मी म्हणाले. "तू वाढ."

तिनं हसत मरळीचा तुकडा तव्यावर टाकला. हे म्हणाले, "पारूबाई, मला नुसता रस्सा दे. तुकडा नको."

पारूबाईचा झारा थांबला. "मरळीचा तुकडा नको? काटा इतका चघळायचा, की फेकायच्या आधी माझ्या कुत्र्याची माफी मागायचा तू. कामून नको?"

"उपास हाय."

"मच्छीचा रस्सा पिऊन उपास? कोणत्या देवाचा? मला बी सांग, मी बी धरते."

आजूबाजूचे ट्रकवाले हसले. हेही हसले. मीसुद्धा हसले. रस्सा लालभडक, येसराच्या मसाल्याचा वास थेट डोळ्यांत जाणारा. मी एक तुकडा खाल्ला आणि माझ्या घशात काटा लागला की काय, म्हणून थांबले. काटा नव्हता. ह्यांच्या वाटीकडं बघता बघता माझाच घास खाली जाईना.

"तू काढली का आठवण?" ह्यांनी पारूबाईला विचारलं.

"मी? मला तुझं तोंड बी आठवत न्हवतं. जीपीवरून वळखलं."

रात्री तिथंच तिच्या भावाच्या घरी टेकलो. सकाळी तीर्थपुरीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस. उसाच्या फडातून जाताना आभाळाची पट्टीच तेवढी दिसते. तिथं उचक्या लागल्या. ह्यांनी जीप कडेला घेतली. मी नावं घ्यायला लागले. गावातली झाली, पाव्हण्यांची झाली. थांबेना. मग हे स्वतःच नावं घ्यायला लागले. बरोबर जीप चालवणारा एक जोडीदार. तो तर मेला. गावचा जुना शिंपी. तोही मेला. माझा थोरला दीर. त्याला जाऊन किती पावसाळे झाले.

मी म्हटलं, "अहो, ही सगळी गेलेली माणसं हैत."

"गेलेली माणसं आठवण काढत नसतील का?"

"काढत असली तर बोलवायलाच काढत असतील."

बोलून गेले आणि मग कळलं, काय बोलले ते. उचकी त्याच बोलण्यावर थांबली. ह्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली. उसाचा पाला काचेला घासत होता आणि मला वाटत होतं, कोणीतरी बाहेरून हात फिरवतंय.

त्याच रस्त्यात मला आणखी एक कळलं. हे आठवण कोण काढतंय ते शोधायला निघालेच नव्हते. हे चवी घेत निघाले होते. ख्वाजाभाईकडचा खट्टा, पारूबाईचा रस्सा, आता आक्काच्या रानातला हुरडा. बदली झालेला मास्तर निघायच्या आदल्या दिवशी घरोघर जाऊन येतो, तसं. मला खूप राग आला. माणसानं असं मला न सांगता निरोप घेत फिरावं, आणि मी शेजारी बसून डबे धरावेत?

समोरच्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, कारण तो आठवण काढत नाही. पण मी काढत होते. ते शेजारी बसून गिअर बदलत होते आणि मी त्यांची आठवण काढत होते. हे पूर्वी कसे खायचे, कसे ओरडायचे, टपावरच्या सवाऱ्यांना कशा शिव्या द्यायचे. जिवंत माणसाची आठवण काढणं ही वाईट गोष्ट आहे. ज्यानं केलं त्यालाच ती कळते.

आष्टीला ह्यांची थोरली बहीण दिलेली. आम्ही सगळे आक्का म्हणतो. डोळ्यांत फूल पडलंय, दिसतं कमी, पण कान तिखट. जीपीचा आवाज ऐकूनच म्हणाली, "भगवान्या आला. एक नळी फाटलीय जीपीची." बाजारातून रेवड्या नेल्या होत्या, त्या चाचपून घेतल्या आणि लगेच एक तोंडात टाकली. दात नाहीत. चघळत बसली.

दुपारी रानात आगटी पेटवली. गुळभेंडी ज्वारी, कणसं दुधावर आलेली. आक्का गोणपाटावर बसून गरम कणसं तळहातावर चोळत होती. तिला दिसत नव्हतं, पण हिरवे दाणे वेगळे आणि कोंडा वेगळा असा तिच्या हातातून पडत होता. मी चटणी काढली, गूळ फोडला. वास असा की मेलेला उठून बसेल. आक्कानं मूठ भरून ह्यांच्या हातावर ठेवली. "खा. पहिली मूठ तुझी."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. पण बहिणीनं दिलेली पहिली मूठ परत कशी करणार? तोंडात टाकली. हुरडा मऊ असतो, तरी चावला, खूप चावला. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आलीच नाही.

डोळे मोठे झाले. हात गोणपाटावर आपटला. घास आत जाईना, बाहेर येईना. आवाज फक्त कुठूनतरी खोलातून येत होता, विहिरीत बादली घासल्यासारखा. मी पाठीवर मुठी मारल्या. नवऱ्याच्या पाठीवर कधी हात उगारला नव्हता, त्या दिवशी सगळा उगारला. मान खाली दाबली. शेवटी हिरवा लगदा मातीत पडला. आणि लगेच उचक्या. एकामागून एक.

माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "कोण आठवण..."

"गप्प बस, कौसे!" आक्का ओरडली. तिचे हात चोळायचे थांबले होते. "हा आवाज मी आयकलाय. आपल्या बाचा हाय हा. भगवान्या, तू तवा रांगत व्हतास. बा जेवाया बसला की उचकी. आन् आम्ही सगळे भवती बसून नावं घ्यायचो. काकाचं घे, मामाचं घे, आत्याचं घे. सगळ्या सोयऱ्यांची नावं संपली, मंग बा संपला."

आगटीत एक कणीस फुटलं.

"मी न्हाई काढली तुझी आठवण," आक्का म्हणाली. "मला येळ कुठाय? ऊठ. इथून नीट जालना गाठ. मधी कोणाच्या दारात थांबायचं न्हाई. चहाला बी न्हाई."

"आक्का, उद्या सकाळी..."

"उद्या बा बी म्हनला व्हता."

आम्ही परतूरवरून, वाटूरवरून जालन्याला आलो. जीपीची फाटकी नळी फटफट वाजत होती. रस्त्यात उचक्या आल्या, गेल्या, परत आल्या. कोणीही नाव घेतलं नाही. ह्यांच्या टोपीत हुरड्याचा एक हिरवा दाणा अडकला होता, तो मला दवाखान्याच्या बाकावर दिसला. मी तो काढून फेकला नाही, खाल्ला नाही, नुसता मुठीत धरून बसले. पुढं कुठं पडला, ठाऊक नाही.

नळी घालून बघितलं. अन्नाच्या नळीत गाठ होती. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजेल असं सांगितलं. वेळेवर आलात, असं ते म्हणाले नाहीत. उशीर झाला, असंही म्हणाले नाहीत. मला दोन्हीपैकी एक ऐकायचं होतं.

त्यानंतरचा उन्हाळा मी सांगत बसत नाही. मशीनचा शेक दिला, सलाइनमधून औषध दिलं, केस गेले, अंगावरचं मांस गेलं. पातळ पेजेवर महिने काढले. हाजराबी खीर पाठवायची, पारूबाईनं एकदा बिनकाट्याचा रस्सा पाठवला आणि निरोप दिला, "उपास सोड म्हणावं." पावसाळ्यानंतर दुधात भिजवलेली भाकरी जायला लागली. ज्या दिवशी पहिला घास खाली उतरला त्या दिवशी आमच्यापैकी कोणी रडलं नाही. रडायला लागलं तर ताट नीट दिसत नाही. मी अजून प्रत्येक घास बघते. हे म्हणतात, पोलिसासारखी बघू नको. मी म्हणते, चोरासारखं खाऊ नका.

आम्ही निघताना डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं: पुन्हा घास अडकला, पुन्हा उचकी लागली, तर वाट बघू नका. किती उचक्या, ते सांगितलं नाही. एक म्हणजे उचकी का? चहानं लागलेली धरायची का? मी सकाळपासून हेच विचारत बसले आहे, चुलीला, करपल्या भाकरीला. बाहेर हुरड्याचा धूर वाढतोय. पोरं ओरडतायत, आणखी गोवऱ्या आणा. जगात सगळं बराबर चाललं आहे, आणि मी एका उचकीची वाट बघत बसले आहे. नको म्हणून वाट बघते आहे, पण बघतेच आहे.

दुपारी हे लिंबाखाली जीपीला फडकं मारत होते. मी ताक घेऊन गेले. हे दोन घोट प्यायले आणि आली. दुसरी. मग तिसरी.

ह्यांनी फडकं बॉनेटवर ठेवलं. माझ्या तोंडाकडं बघितलं. सवयीनं नावं घेतील, ख्वाजाभाई, पारूबाई, आक्का, असं मला वाटलं. पण हे म्हणाले, "कौसे, तू का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, उचकीला माझं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. मी समोरच असायचे.

"व्हय," मी म्हणाले. "मीच. सकाळपासून."

ते थोडं थांबले. कान देऊन स्वतःच्या छातीत ऐकल्यासारखं केलं. "थांबली की गं."

"थांबू द्या. जीप काढा."

"आत्ता? उद्या सकाळी..." आणि तिथंच गप्प झाले.

मी ताकाचा पेला उंबऱ्यावर ठेवला, दाराला कडी लावली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.